टॅपेट कव्हरचे दोन नट

१७ ऑगस्ट, रविवार

पुन्हा थेंब!

गुरुवारीच लखन मिस्त्रीने नवं पॅकिंग टाकलं. दोन्ही बाजूंनी लाल पेस्ट चोपडली, लांब दांड्याचा पाना लावून नट असे आवळले की त्याच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. म्हणाला, "आता गयली तं मिशी उतरवतो, मॅडम." आज गाडीखालच्या पुठ्ठ्यावर काळा डाग. बोराएवढा. लखनच्या मिशीचं काही खरं नाही.

बादलने डाग पाहिला. रागावला नाही — नवरा रागावला की भांडता तरी येतं. शांतपणे म्हणाला, "फरशीचं सोड. तेल गरम पाइपावर जळून राह्यलं. एखाद दिवशी पेटली म्हणजे? आत तूच असशीन ना." बरोबरच आहे त्याचं.

मग अट घातली. दसऱ्यापर्यंत थेंब बंद झाला तर अ‍ॅम्बेसेडर राहील. नाही तर पांढरकवड्याचा रवी घेऊन जाईल. रवी हायवेवर ढाबा टाकतोय. त्याला ही गाडी दारात शोभेला उभी करायची आहे — इंजिन काढून. आणि बॉनेटमध्ये सदाफुली लावायची!

मामाजींची गाडी. तिच्यात सदाफुली!

१८ ऑगस्ट, सोमवार

वर्गात पोरांना सांगते की गोंधळ असला तर लिहून काढा. तर लिहिते. इंजिनच्या डोक्यावर पत्र्याची टोपी असते. मिस्त्री लोक तिला टॅपेट कव्हर म्हणतात. दोन नटांवर ती बसते. टोपी आणि इंजिन यांच्यामध्ये कॉर्कची पट्टी, तेच पॅकिंग. आत तेल उडत असतं, ते या पट्टीतून पाझरतं, इंजिनच्या अंगावरून ओघळतं. थोडं सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर पडून जळतं, बाकीचं खाली पुठ्ठ्यावर.

एवढंच आहे. एवढंच असलं तर थांबत का नाही?

मला ही गाडी खरंच हवी आहे की नुसती हार नको आहे? लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मामाजींनी शेजारी बसून शिकवली. सासरे आणि सून, बोलायची दोघांनाही चोरी. शब्द एकच — "हं." जमलं तरी हं, चुकलं तरी हं. दोन्हींतला फरक कळायला मला पुष्कळ दिवस लागले. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. कधी गियर चुकला तर अजून ते दुसरं हं ऐकू येतं.

दारव्ह्याच्या कॉलेजातून परतले तर चहा तयार. रोजच असतो. गाडी लावून पायरी चढेपर्यंत याडीने कप भरलेला असतो. सासूबाईंची ही शिस्त मात्र मानली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. आज बैलांची खांदशेकणी. मी बॉनेटखाली वाकले होते, याडी पलीकडून हळदीलोण्याची वाटी घेऊन चालली होती. थांबली.

"मास्तरीनबाई, खांदा दुखून राह्यला का मोटारीचा? लावू का थोडं लोनी?"

याडी एरवी घरात बंजाऱ्यांची गोरबोली बोलते. टोमणा मारायचा असला की वऱ्हाडीत येते — शेजाऱ्यांनाही कळावा म्हणून! मी म्हटलं, तेल गळतंय याडी. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्याने म्हटलं. "मंग गयू दे ना! जुनी आहे, गयनारच. मी नाही गयत का?" आणि हसत गेली. कानाचं मशीन डब्यात, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. "मले सारं आयकू येते," हे एक वाक्य मात्र फार खणखणीत म्हणते.

जेवताना लोणच्याची बरणी उघडेना. मी, मग बादल, मग दोघं मिळून. या घरात एकही झाकण एका माणसाला उघडत नाही. का, कोण जाणे.

३१ ऑगस्ट, रविवार

लखनकडे जाणार नाही. स्वतः उघडणार. बादल म्हणाला, "मॅडम, हे प्रॅक्टिकल आहे, थिअरी नोको समजू." मी म्हटलं, माझ्या प्रॅक्टिकलमध्ये आजवर एकाच पोराने टेबल जाळलंय.

दोन नट काढले, टोपी सुटेना. लखनची पेस्ट! रॉकेलचा बोळा फिरवत, भोवतीने हळूहळू ठोकत शेवटी काढली. कॉर्कची पट्टी दोन्ही नटांपाशी बाहेर आलेली — दाबून भरलेल्या करंजीतून सारण येतं तशी. मधेच तुटलेली. पॅकिंगची चूक नाही, पॅकिंग बिचारं चेपून मेलंय.

टोपी स्वच्छ धुतली. मग सुचलं की ही सपाट आहे का ते पाहावं. घरात सपाट काय? ओट्याचा दगड! ठेवली. टोपी एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी डुगडुगली. खाली डोळा लावला तर नटांच्या बाजूची कड खाली वाकलेली आणि दोन्ही टोकांना उजेड. सापडलं! तेलाला एवढी फट म्हणजे फाटकच.

तेवढ्यात याडी.

"माह्या ओट्यावर मोटारीचं टमरेल?"

धुतलंय याडी, अगदी स्वच्छ आहे.

"तुह्या नवऱ्याले वाढ मंग त्यात!"

१ सप्टेंबर, सोमवार

टोपीची कड लाकडावर आडवी धरून, लहान हातोडीने आतून हलके हलके ठोकून सरळ केली. ओट्यावर न्यायची हिंमत नव्हती. देवघराच्या पायरीचा दगडही सपाट आहे, पण तो विचार मनात आला तसा काढून टाकला. शेवटी आरशाची जुनी काच. डुगडुग गेली.

मनात आणणं आणि करणं यात पाप किती टक्के? असो.

पॅकिंग नवं. टोपीच्या बाजूला तेवढं चिकटवलं, इंजिनकडची बाजू कोरडी ठेवली. नटांखालची रबरं दगड झाली होती, तीही बदलली. नट हाताने बसवून पान्याने बेताचे आवळले — रबर थोडं दबेल इतके. आणखी एक फेरा द्यायला हात शिवशिवत होते. नाही दिला! मग नेलपॉलिशची एक लाल रेघ, अर्धी नटावर, अर्धी टोपीवर. नट हलला तर रेघ तुटेल.

बादल म्हणाला, "माह्या आयुष्यात पहिल्यांदा पाहून राह्यलो. मोटारीले नेलपॉलिश आन बायकोले ग्रीस."

४ सप्टेंबर, गुरुवार

कोरडं! पुठ्ठा कोरडा. जळका वाससुद्धा नाही.

चहा मात्र नव्हता. आत गेले तर याडी मागच्या पडवीत तुरी निवडत बसलेली, पाठ माझ्याकडे. मी स्वतःच केला. ओट्याचा राग दिसतोय. टमरेल ठेवायला नको होतं, हे खरंच. घासलेलं असलं तरी तिच्या स्वयंपाकाची जागा ती.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पुठ्ठा कोरडा. चहा नाही. ओटा मी दोनदा घासला, ती बघत असताना.

८ सप्टेंबर, सोमवार

थेंब. बोराएवढा नाही, ज्वारीच्या दाण्याएवढा. पण थेंब.

बॉनेट उघडलं. दोन्ही नटांवरची लाल रेघ तुटलेली! नट चांगला पाव फेरा पुढे गेलाय. आपोआप नट ढिला होतो, आवळला जात नाही. म्हणजे कुणीतरी आवळला.

चहा तयार होता. चला, निदान ओट्याचा राग तरी उतरला.

९ सप्टेंबर, मंगळवार

कोण? बादलला गाडी जायला हवी आहे. छे! मी नवऱ्यावर संशय घेतेय? घेतेय. सकाळी त्याने दुकानाच्या किल्ल्या उचलल्या, मी त्याच्या बोटांकडे पाहिलं. त्याने माझ्या पाहण्याकडे पाहिलं.

"काय पाहून राह्यली?"

काही नाही.

"नट ना? मले वाटलं तूच आवयला."

दारव्ह्याला लखनच्या दुकानापुढे थांबले. मिशी जागेवर! म्हटलं, काय ठरलं होतं? तो म्हणाला, "मॅडम, म्या 'गयली तं' म्हटलं होतं. ही पाझरली." बोलता बोलता त्याने बॉनेट उघडलं आणि सवयीने खिशातला पाना काढला. मी ओरडले तेव्हा थांबला.

पुन्हा सगळं उघडून बसवावं लागेल रविवारी. कड पुन्हा वाकली असणार.

१४ सप्टेंबर, रविवार

सापडले! चोर सापडले, आणि लाज वाटावी इतके सापडले.

सकाळी टोपी पुन्हा सरळ करून बसवली, रेघ ओढली, आणि खिडकीच्या पडद्याआड उभी राहिले. बॉनेट मुद्दाम उघडंच ठेवलं, पानाही तिथेच. स्वतःच्याच घरात पाळत! पण ठेवली.

आधी बादल आला. दुकानाला निघाला होता. गाडीजवळून जाताना थांबला, पाना उचलला, नटाला जरासा हिसका दिला आणि शीळ घालत निघून गेला. चेहऱ्यावर कपट नाही, काही नाही. जाताना फाटकाची कडीही एकदा ओढून पाहिली.

मग याडी. परसातून कढीपत्ता घेऊन आली. तीही थांबली. पदराने पाना पुसला, दोन्ही हातांनी नट आवळला आणि वर दोनदा थोपटला — बैलाच्या पाठीवर थोपटतात तसा.

मी बाहेर आले. याडी, हे काय?

"कायचं काय? ढिला नाही ना, पाहून राह्यली."

ढिला नव्हता! आवळल्यानेच गळतं. टोपी वाकते. बादललाही फोन करून परत बोलावलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मी? मी आवयला? हाव... आवयला असीन. याद नाही." त्याला खरंच आठवत नव्हतं.

मग याडीने सांगितलं. तिचा आजा लदेणीवर होता. बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून तांडा चालायचा. "जो कोनी बाजूनं जाईन त्यानं दोर ओढून पाहाचा. आपला बैल असो का दुसऱ्याचा. पाह्यल्याबिगर फुडं जाचं नाही. गोनी पडली का साऱ्या तांड्याची अब्रू पडे."

म्हणजे दोर ओढून पाहणारी माणसं ही! गोण्या गेल्या, लदेणी गेली, हात राहिले. लोणच्याची बरणी, सिलिंडरचा खटका, नळ — महिन्याला नळाचा वायसर जातो — सगळ्यांवर येताजाता एकेक हिसका. मी जोरात हसले. म्हटलं, धन्य आहे तुमच्या घराण्याची! बादल म्हणाला, "आन तुह्या हातात काय आहे?"

माझ्या हातात पाना होता. बोलता बोलता मी नट आवळत होते.

माझ्या माहेरचाही तांडाच की.

१५ सप्टेंबर, सोमवार

उपाय सापडला. या माणसांना "हात लावू नका" सांगून उपयोग नाही. मलाही नाही. हाताला काहीतरी द्यायला हवं. पुढच्या बंपरला सुताच्या दोराची एक गाठ बांधली. चांगली जाड. सांगितलं, ज्याला ओढून पाहायचं असेल त्याने हा ओढा, कितीही ओढा. पाना माझ्या पर्समध्ये.

टोपी तिसऱ्यांदा सरळ केली. आता मला ती डोळे मिटून ठोकता येईल.

बादलने दोर ओढून पाहिला. "पक्का आहे," म्हणाला. गंभीरपणे!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कोरडं. येणारा-जाणारा दोर ओढतो. दूधवालासुद्धा ओढून गेला. त्याचाही तांडा असेल!

चहा नाही. याडीला दोराची थट्टा लागली का? तिच्या आज्याची आठवण, आणि मी ती बंपरला बांधली. सगळ्यांसमोर "धन्य आहे तुमच्या घराण्याची" म्हणायला नको होतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

कोरडं. चहा नाही. नवरात्राचा उपास म्हणून असेल म्हटलं, पण उपासाला चहा चालतो. तिचा तर फारच चालतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. हार दोराच्या गाठीलाच बांधला.

रवी आला होता पांढरकवड्याहून, टेम्पो घेऊनच! बादलने गाडीखालचा पुठ्ठा ओढून त्याच्यापुढे धरला. कोरडा, पांढरा. रवीने उलटून पाहिला. "बदललेला तं नाही ना?" म्हटलं, मी रसायनशास्त्र शिकवते, खोटी रीडिंग देत नाही. बादल म्हणाला, "नाही भाऊ, मोटार आता नाही इकत. मॅडमनं पास केली." रवी हळहळला. ढाब्यापुढे काय ठेवू, म्हणाला. याडी ओसरीवरून ओरडली, "लखनची मिशी ठेव!" म्हणजे हे सगळं तिला ऐकू आलं होतं? की ओठ वाचते?

सोनं घेऊन तिच्या पाया पडले. पाठीवर हात ठेवला तिने, नेहमीसारखाच जड. रागावलेल्या माणसाचा हात असा नसतो. मग चहा का नाही?

जिंकले. गाडी राहिली. चहासाठी रडणं शोभत नाही. चहा काय, माझा मीही करून घेऊ शकते. घेतेच. पण अठरा-वीस वर्षांत कधी असं झालं नव्हतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज आत गेले आणि याडीच्या खांद्याला हात लावला तर दचकली. केवढी! तुरीचं सूप उलटलं. "कवा आली तू? भूतावानी!" दोघींनी मिळून दाणे गोळा केले. ती वर पाहत नव्हती.

११ ऑक्टोबर, शनिवार

विचारलंच. सरळ, तिच्या पुढ्यात बसून, तोंड दिसेल असं. याडी, माझं काही चुकलं का?

"कायचं?"

चहा.

ती सुपातले खडे वेचत राहिली. मग टोमणा नाही, वऱ्हाडी नाही. हळू आवाजात, गोरबोलीत बोलली. इथे मराठीत लिहून ठेवते.

गाडी फाटकात आली की जळक्या तेलाचा वास मागच्या दारापर्यंत यायचा. वास आला की ती उठून चहाचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर ठेवायची. मामाजी होते तेव्हापासून. गळती त्यांच्या काळातलीच. तेही तिला आल्याचा आवाज देत नसत — त्यांचं ते एक हं! पण तेव्हा कान होते. मग कान गेले, मग ते गेले, वास राहिला. तो माझ्याबरोबर येऊ लागला. "आता तू आत आल्यावरच कळतं मला, आलीस म्हणून. तोवर वाट पाहते. पाच वाजल्यापासून सारखी वळून वळून पाहते. मान दुखते."

सांगितलं का नाही?

इथे ती पुन्हा वऱ्हाडीत आली. "काहून सांगू? तू मंग मशीन लावाले लावशीन कानाले! आन बंद झाली ते चांगलंच झालं. बादल भेत होता. मीबी भेत होती." आणि मग सूप उचलत, "मले सारं आयकू येते."

हो, म्हटलं.

एवढे सहा आठवडे मी पुठ्ठा पाहत होते. कप नाही पाहिला.

१२ ऑक्टोबर, रविवार

नट पाव फेरा आवळला की झालं. पाना हातात घेऊन उभी होते. पण मग टोपी वाकणार, तेल ओघळत राहणार, कॉलेजच्या सबंध रस्त्याने जळत येणार. बादलची भीती खोटी नव्हती. आणि त्याला शब्द दिलाय. आणि रवीला म्हणाले, खोटी रीडिंग देत नाही!

पाना परत पर्समध्ये.

जाताना दोर ओढून पाहिला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

याडीच्या कानाच्या औषधाची रिकामी बाटली सापडली. धुतली. ड्रॉपर चांगला आहे. इंजिनचं तेल भरून गाडीच्या खणात ठेवली.

संध्याकाळी फाटकातून आत आले, गाडी लावली, बॉनेट उघडलं. गरम पाइपावर दोन थेंब. तीन नाही, दोन पुरतात. थोडा वेळ तिथेच उभी राहिले, वास मागच्या दाराकडे जाईपर्यंत.

पायरी चढले तेव्हा आतून गंज चुलीवर ठेवल्याचा आवाज आला.